आधी डबा, मग वस्तू

आमच्या कंपनीत दोनच प्रोग्रॅमर होते, मी आणि मास्तर. कंपनी हा शब्दही तिला मोठाच होता. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावरचा एक गाळा, खाली खिळे बनवणारा कारखाना. त्याच्या ठोक्यांनी आमच्या टेबलावरचे चहाचे ग्लास दिवसभर किणकिणायचे. कारखान्यांतली यंत्रं चालवणारी कंट्रोल पॅनेलं आम्ही बनवायचो. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी डोंबिवलीहून यायचे. बी.एस्सी. झालेली, वर एक कॉम्प्युटरचा क्लास केलेला, आणि घरात दर रविवारी नवं स्थळ सांगून यायचं. नोकरी सुटली की लग्न, एवढाच पर्याय समोर दिसत असल्यामुळे मी नोकरीला गोचिडीसारखी चिकटून होते.

मास्तर पूर्वी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवायचे, म्हणून मास्तर. तिथून भांडून बाहेर पडले होते. भांडण हा त्यांचा जोडधंदाच होता. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं असं की समोरच्याचा सरळ अपमान झाला आहे हे त्याला घरी गेल्यावर कळावं. इंग्रजी त्यांना वाचता यायचं. बोलायची वेळ आली की मात्र वाक्याच्या मध्येच थांबायचे, आणि त्या थांबण्याचा राग समोरच्यावर काढायचे. प्रोग्रॅम लिहायची सी भाषा ते एका फाटक्या झेरॉक्सवरून एकटे शिकले होते आणि शिकता शिकता तिला त्यांनी आपल्या घरची करून घेतलं होतं.

ते कसं, हे सांगायचं तर थोडं कामाचं सांगायला हवं. आमच्या पॅनेलमधल्या चिपमध्ये जागा अगदी बेताची. आजच्यासारखी लागेल तेव्हा मेमरी मागून घ्यायची सोय नव्हती. कुठल्या यादीत जास्तीत जास्त किती गोष्टी राहणार ते आधीच ठरवायचं आणि तेवढीच जागा राखायची. त्याहून एक जरी जास्त घातली तरी ती शेजारच्या मेमरीवर जाऊन बसायची आणि यंत्र वेड लागल्यासारखं वागायचं. म्हणून दरवेळी जागा उरली आहे का बघा, मग ठेवा, मग मोजणी वाढवा, हे सगळं पुन्हा पुन्हा लिहावं लागायचं. मास्तरांनी त्यासाठी मॅक्रो केले होते. मॅक्रो म्हणजे एक आखूड शब्द. प्रोग्रॅम तयार होताना त्या शब्दाच्या जागी आपण ठरवून ठेवलेला लांबलचक मजकूर आपोआप येतो, बस. मास्तरांचे शब्द पडद्यावर रोमन अक्षरांत दिसायचे, पण होते मराठी. डबा, भर, काढ, मांड.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "घरी मिसळणाचा डबा आहे?"

"आहे."

"वाट्या किती?"

"सात."

"आठवा मसाला आणलास तर?"

"वेगळ्या बरणीत."

"झालं तर मग. एवढंच आहे हे. बाकी पुस्तकवाल्यांचा भपका."

‘डबा’ लिहून त्यात किती वाट्या ते सांगितलं की जागा तयार व्हायची. ‘मांड’ लिहिलं की डबा आणि त्यातल्या वस्तू एकाच ओळीत मांडून मिळायच्या. त्या काळच्या सी भाषेत मॅक्रोला हव्या तितक्या वस्तू देता यायच्या नाहीत, संख्या ठरलेली लागायची. म्हणून मांड-एक, मांड-दोन, मांड-तीन असे आठपर्यंत वेगळे मांड होते. दिसायला अगदी गावंढळ. मी हसले तर मास्तर म्हणाले, "पाहुणे किती येणार ते बघूनच पाट मांडतेस ना?" आणि ‘भर’मध्ये आधी डबा सांगायचा, मग वस्तू. आपण म्हणतो ना, डब्यात पोळी भर. क्रियापद शेवटी नेणं सी भाषेला मंजूर नव्हतं, तेवढं मास्तरांनी नाइलाजाने सोडलं होतं. डबा आधी, हे काही सोडलं नव्हतं.

क्लासमध्ये मी सगळं घोकून पास झाले होते. मास्तरांचा प्रोग्रॅम मात्र मोठ्याने वाचता यायचा. ते वाचायलाच लावायचे. पाचच्या डब्यात दोन भर, तीनच्या डब्यातून काढ. वाचताना जीभ अडखळली तर तिथे चूक आहे असं खुशाल समज, म्हणायचे, आणि बहुतेक वेळा ती असायची. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण मठ्ठ नाही. हे ऋण मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर त्यांनी त्यातही काहीतरी खोड काढली असती.

पुढे कंपनीची कामं कमी होत गेली. अशात शहाडला, नदीच्या अंगाला, कापड रंगवायचा एक कारखाना होता, त्यांचं पॅनेल आम्हाला मिळालं. आठ मशीनं, रसायनांच्या आठ टाक्या. कुठल्या मशीनला कुठल्या टाकीचा कॉक कुठल्या क्रमाने उघडायचा, ते आमच्या पॅनेलने ठरवायचं. तोवर हे काम माणूस बादली घेऊन नजरेने करत होता.

आमचे मालक सरळ माणूस. ते माझ्यासमोरच म्हणाले, "मास्तर, हे चाललं तर पुढची चार कामं तिथूनच येतील, तुम्ही इथेच रिटायर व्हा. नाही चाललं तर मला दोन प्रोग्रॅमर परवडत नाहीत." दोघांतला कोण राहणार हे सांगायची गरज नव्हती. माझा पगार त्यांच्या निम्मा होता. पंचेचाळिशी उलटलेल्या, डिग्री नसलेल्या, इंग्रजीत गप्प बसणाऱ्या माणसाला ठाण्यात दुसरीकडे कोण प्रोग्रॅमर म्हणून घेणार होतं? वायरमन म्हणून घेतलं असतं. त्या दिवसापासून मास्तरांचं सगळं त्या एका पॅनेलला टांगलेलं होतं आणि गाळ्यातल्या चहावाल्यालाही ते ठाऊक होतं.

तेवढ्यात मालकांचा भाचा आला. दक्षिणेकडून इंजिनियर होऊन आलेला, गोरागोमटा, नम्र. मी मनात त्याला भाचेसाहेब म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मुलगा वाईट नव्हता. हुशार होता, येताना सगळ्यांसाठी सामोसे आणायचा. मास्तरांचे मॅक्रो त्याने एका दुपारी वाचून काढले आणि म्हणाला, "मास्तर, आत काम मस्त केलंय. फक्त नावं इंग्रजी करूया. उद्या बाहेरचा कोणी इंजिनियर घेतला तर त्याला ‘भर’ काय कळणार?"

"शिकेल की," मास्तर म्हणाले. "मी नाही शिकलो तुमचं?"

मालकांनी भाच्याची बाजू घेतली. चुकीचंही नव्हतं ते. जेवणाच्या सुट्टीच्या आत कॉम्प्युटरने सगळ्या फायलींतली नावं बदलून दिली. डब्याचा बॉक्स झाला, भरचा पुट, काढचा गेट, मांडचा मेक. नावं तेवढी बदलली. आतला मजकूर तोच, क्रमही तोच.

मास्तर रुसले. रुसले हाच शब्द बरोबर आहे, लग्नात जावई रुसतात तसे. "आता ती फाईल माझी नाही. मी हात लावणार नाही," म्हणाले आणि वायरिंगच्या टेबलावर जाऊन सोल्डरिंग करत बसले. मी दोनदा सांगून पाहिलं, "मास्तर, निदान एकदा नजर तरी टाका, काम तुमचंच आहे." तर म्हणाले, "ज्याने बारसं केलं त्यानेच दूध पाजावं." असल्या बोलण्याचा त्यांना स्वतःलाच फार अभिमान. मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग राहिलेलं काम भाचेसाहेबांनी आणि मी वाटून घेतलं. अर्ध्या रंगांचे क्रम त्याने लिहिले, अर्धे मी. मी पडद्यावर पुट बघायचे आणि डोक्यात ‘भर’ वाचायचे, त्यामुळे आधी डबा, म्हणजे मशीनचा नंबर, मग टाकीचा. तो कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. त्याच्या डोक्यात पुट म्हणजे आधी काय ठेवायचं आणि मग कशात. त्याने आधी टाकी लिहिली, मग मशीन. दोन्हीकडे साधे आकडे. आमचं लिखाण तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने बोलायचं कशाला? त्याला दोन आकडे हवे होते, दोन आकडे मिळत होते.

गाळ्यात आम्ही कॉकच्या जागी बल्ब लावून चाचणी घेतली. तपासताना कोणीही करतं तसंच केलं: पहिल्या मशीनला पहिली टाकी, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. उलट वाचा की सुलट, एकच. सगळे बल्ब शहाण्यासारखे लागले. मालकांनी पेढे मागवले. मास्तरांनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि पुन्हा सोल्डरिंगला बसले. पण त्या दिवशी त्यांनी घरी लवकर जायची परवानगी मागितली होती. बायकोला सांगायचं असेल.

शहाडला पॅनेल बसलं आणि सुरुवातीला नीट चाललं. तेव्हा चालू होते ते रंग माझ्या वाट्याचे होते. मग भाचेसाहेबांच्या वाट्याचा गुलाबी रंग लागला आणि फोन आला.

आम्ही चौघेही गेलो. कल्याणहून रिक्षा केली. आत वाफेने चष्मा धुरकटत होता, पायाखाली रंगीत पाणी. पाच नंबरच्या मशीनसमोर कापडाचा ओला ढीग पडला होता, कुठे गुलाबी, कुठे पांढरट. तिथले सुपरवायझर कल्याणचेच, शांत माणूस. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"साहेब, पाच नंबरला तीन नंबरची टाकी कोणी सोडायला सांगितलेली?" ते म्हणाले. "तिच्यात रंग उतरवायचं औषध आहे. रंग चढायच्या टायमाला तुमच्या मशीनने ते आत घेतलं. माझी पोरं बघत राहिली. त्यांना वाटलं, कॉम्प्युटर आहे, त्याला माहीत असेल."

मास्तर वाकून ते कापड चिमटीत धरून बघत होते. त्यांना काही विचारायचं माझ्या जिवावर आलं.

गाळ्यावर परतल्यावर मी तो गुलाबी रंगाचा भाग पडद्यावर काढला आणि मास्तरांनी शिकवल्यासारखा मोठ्याने वाचला. पाचच्या डब्यात तीन भर. यंत्राने अक्षरशः तेच केलं होतं. मी भाचेसाहेबांना बोलावलं आणि म्हटलं, "हे वाच बरं." तो त्याच्या इंग्रजीत वाचून म्हणाला, "पाच नंबरची टाकी तीन नंबरच्या मशीनला. बरोबर आहे की." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने लपवालपवी केली नाही. स्वतः मामाकडे गेला आणि सांगून मोकळा झाला.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मॅक्रो उलटा होता."

"उलटा नव्हता," मास्तर म्हणाले.

त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की नावं बदलताना क्रमही बदलायला हवा होता. किंवा एवढंच, की माझंही लक्ष नव्हतं. मालक समजूतदार होते, भाच्याने चूक कबूल केलेली होती, वाट मोकळी होती. मी त्यांच्याकडे एकटक बघत होते, बोला, बोला, नीट बोला म्हणून. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅक्रो माझा आहे आणि तो बरोबर आहे. चूक आहे ती तुमची भाषा."

चोर सोडून संन्याशाला फाशी असं मला पुढे कितीदा वाटलं. पण खरं सांगायचं तर आमचा संन्यासी स्वतःच फासाची गाठ बघायला गेला होता. मालकांचं तोंड कडू झालं. ते म्हणाले, "जग ज्या क्रमाने लिहितं तो क्रम ठेवा. आधी वस्तू, मग डबा. सगळीकडे. तुम्हीच करा, मास्तर. शहाडला परत लावून दाखवा, मग बघू."

मास्तरांनी केलं. रुसवा संपला होता, पण त्याच्या जागी दुसरं काही आलंही नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने ‘भर’चं पोट उलटं केलं, मग मी लिहिलेल्या एकूण एक ओळी बदलल्या. मी शेजारी बसून तपासत होते आणि सवयीने पुटपुटत होते. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, "आता मराठीत वाचू नकोस गं. चुकशील."

मी उठून बाहेर गेले. रडू आलं म्हणून गेले, दुसरं काही कारण नव्हतं.

पॅनेल पुन्हा शहाडला लागलं. सुपरवायझर दिवसभर आमच्यासोबत उभे राहिले. गुलाबी, निळा, मोरपंखी, प्रत्येक रंगाला जी टाकी उघडायची तीच उघडली. कापड असं निघालं की मालकांनी हात लावून पाहिलं. मास्तर एका खांबाला टेकून उभे होते आणि दर वेळी कॉक उघडला की मान हलवत होते.

सुपरवायझर म्हणाले, "चांगलं चाललं. पण नको."

"का?" मालकांनी विचारलं.

"मागल्या टायमालाही आधी चांगलंच चाललेलं ना? बादलीवाला चुकला तर मी त्याला धरतो, काय रे, असं का केलंस? तो काहीतरी सांगतो. हे चुकलं तर मी विचारू कोणाला?"

"मला विचारा," मास्तर म्हणाले.

सुपरवायझरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात कुचेष्टा नव्हती. "तुम्ही इथे रोज उभे राहणार का, काका?"

मालकांनी मग बरंच बोलून पाहिलं, भाच्याने इंग्रजीतून बोलून पाहिलं. पॅनेल उतरवून आम्ही टेम्पोत घातलं. मास्तरांनी त्याभोवती गोणपाट नीट बांधलं, टेम्पोवाल्याला खड्ड्यांतून हळू ने म्हणून बजावलं, आणि महिनाअखेरीला ते कामावरून गेले. मालकांनी त्यांना शाल दिली. भाचा जिन्यापर्यंत सोडायला गेला आणि तिथेच उभा राहिला.

त्यानंतर कंपनीही फार टिकली नाही. मला ठाण्यातच दुसऱ्या, बऱ्या ठिकाणी काम मिळालं. तिथे अशाच छोट्या चिपसाठी लिहायचं होतं आणि त्यांना आणखी एक माणूस हवा होता. डिग्रीची अट नव्हती. माझ्या साहेबांना मी मास्तरांविषयी सांगितलं, त्यांचे मॅक्रो कागदावर लिहून दाखवले. त्यांना ते आवडले. "घेऊन या त्यांना," म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले. डोंबिवलीतच, पूर्वेला राहायचे. इतक्या आनंदात मी स्वतःच्या साखरपुड्यालाही नव्हते. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी जिन्यातूनच मोठ्याने सांगत आले होते, त्यामुळे तिला कळलंच होतं. तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "तुम्हीच बोला हो ताई. तुमचं ऐकतील."

मास्तर गॅलरीत बसले होते. मी सगळं सांगितलं. तिथे कोणी ढवळाढवळ करत नाही. हवी ती नावं ठेवा, हवा तो क्रम ठेवा, साहेबांनी तसं कबूल केलंय. उद्या फक्त येऊन भेटा. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाही जमायचं गं."

"का नाही जमायचं? क्रम तुमचाच ठेवायचाय."

"क्रमाचं नाही. पूर्वी काही लिहायचं म्हटलं की डोक्यात आधी मराठीत वाक्य यायचं. ते ऐकायचं आणि लिहायचं, इतकंच करायचो मी. ते यायचं बंद झालंय." ते थांबले. या वेळी त्या थांबण्याचा राग त्यांनी कोणावर काढला नाही. "इंग्रजीत तर काही येतच नव्हतं. आता काहीच येत नाही."

बायको आत निघून गेली. मी आणखी थोडा वेळ बसले, मग उठले. ती जागा पुढच्या महिन्यात भरली.